‘सपोर्ट’ या एका शब्दाच्या आडून झालेली फसवणूक

घरातल्या लहान खोलीसाठी ३२ इंची टीव्ही घेताना माझी जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहिण्याचे कारण असे की ज्या शब्दाच्या आडून ती झाली तो शब्द आजही टीव्हीच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत छापलेला आढळतो. तो शब्द म्हणजे ‘सपोर्ट’.

माझे वडील आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम करत आले आहेत आणि निवृत्तीनंतरही ते काम त्यांनी सोडलेले नाही. लॅपटॉपवर वाकून वाचताना त्यांची मान आखडते, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडून पुस्तकाचे पान भिंतीवरच्या पडद्यावर ताठ बसून वाचता यावे, आणि एरवी त्याच पडद्यावर बातम्याही पाहता याव्यात, असा आमचा विचार होता. त्यांची खुर्ची आणि भिंत यांत जेमतेम सव्वा मीटर अंतर असल्यामुळे मोठ्या टीव्हीचा प्रश्नच नव्हता. दुकानात मी हे अंतर आणि हा उपयोग दोन्ही स्पष्ट सांगितले आणि पॅनल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र उमटवणारा पडदा, फुल एचडीच (आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेला) हवा, असेही बजावले. त्यावर विक्रेत्याने खोक्यावरच्या ‘फोर-के सपोर्ट’ (फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके) या अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाला, “साहेब, हा तर त्याच्याही पुढचा आहे.” मी त्यावर विश्वास ठेवला.

समोर मांडलेल्या टीव्हीवर पेन ड्राइव्हवरून धबधबे आणि पक्ष्यांची रंगीत पिसे दाखवली जात होती. चित्र अत्यंत सुरेख होते, परंतु त्यात वाचण्याजोगे एक अक्षरही नव्हते आणि ते माझ्या लक्षात आले नाही. घरी जो टीव्ही आला तो बंद खोक्यातला होता. आतला माल तोच आहे, असे मला सांगण्यात आले होते.

पहिल्या संध्याकाळी बातम्या पाहताना काहीच खटकले नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी एका पुस्तकाची मुद्रिते उघडली आणि दोन-तीन ओळींतच थांबून मला हाक मारली. ‘वर्षांत’ या शब्दावरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून त्यांचा एकच काळपट डाग झाला होता. बाबा म्हणाले, “अरे, यात अनुस्वार आहे की नाही हेच कळत नाही, तर मी चूक काढू कशी?” ज्या कामासाठी टीव्ही आणला, नेमके तेच काम त्यावर होत नव्हते.

मी लॅपटॉपवर १९२० × १०८० हे रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) निवडले, चित्राच्या कडा कापणारी टीव्हीतली सोय बंद केली आणि एक ठिपका काळा, एक पांढरा असे एकाआड एक ठिपके असलेले चित्र पूर्ण पडद्यावर लावले. पॅनल खरोखर फुल एचडी असेल तर या चित्राचा दुरून एकसारखा करडा रंग दिसतो. आमच्या पडद्यावर मात्र लाटांसारखे पट्टे उमटले. मग लॅपटॉपला १३६६ × ७६८ वर आणताच पट्टे नाहीसे झाले आणि अक्षरे आकाराने मोठी पण रेखीव झाली. याचा अर्थ उघड होता. पॅनलवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके हवे होते, तिथे केवळ १० लाख ४९ हजारांच्या आसपास होते, आणि आडव्या ओळीतले दर सात ठिपके पाच ठिपक्यांच्या जागेत कोंबले जात असल्यामुळे मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचा चुराडा होत होता.

त्याच लॅपटॉपवरच्या यादीत ३८४० × २१६० हा पर्यायही दिसत होता आणि तो निवडल्यावर चित्र येतही होते. ‘सपोर्ट’चा खरा अर्थ मला तेव्हा समजला. टीव्ही फोर-केचा सिग्नल स्वीकारतो, पण तो दाखवण्याइतके ठिपके त्याच्याजवळ नसल्यामुळे सुमारे ८३ लाख ठिपक्यांचे चित्र तो आटवून एक अष्टमांशावर आणतो. खोक्यावरच्या ‘एचडीआर सपोर्ट’चीही (एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा फरक अधिक ठळक दाखवण्याची पद्धत) तीच गत होती, कारण सिग्नल स्वीकारला म्हणून बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा, उजेड काही वाढत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ३२ इंची पडद्याची रुंदी साधारण ७१ सेंटीमीटर असते, त्यामुळे १३६६ ठिपक्यांच्या पॅनलवर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा येतो, आणि चांगल्या नजरेलाही सुमारे १.८ मीटरच्या पुढे असे ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. दोन-अडीच मीटरवरून केवळ कार्यक्रम पाहणाऱ्या घरात हा टीव्ही कदाचित कोणाला खटकणारही नाही. तो वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. सव्वा मीटरवरून वाचण्यासाठी मागितलेल्या वस्तूऐवजी तो माझ्या गळ्यात मारला गेला, ही माझी तक्रार आहे.

खोका सुदैवाने टाकला नव्हता. त्याच्या चारही बाजू वाचून काढल्या तेव्हा एका बाजूला तपशिलांच्या तक्त्यावर नेमके दुकानाचे स्टिकर चिकटवलेले आढळले. ते पाण्याने भिजवून हलकेच सोलले, तर त्याखाली बारीक टाइपात ‘पॅनल रिझोल्यूशन १३६६ × ७६८’ असे स्वच्छ छापलेले होते. ते स्टिकर मुद्दाम तिथे लावले गेले की योगायोगाने, हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु ते पाहून मला जो संताप आला तो आजही ओसरलेला नाही.

दुकानात परत गेलो तेव्हा मांडलेल्या टीव्हीच्या मागे वाकून त्याचा मॉडेल क्रमांक वाचला. शेवटची दोन अक्षरे सोडली तर तो आमच्या टीव्हीच्या क्रमांकाशी जुळत होता, आणि फुल एचडी की नाही हे त्या दोन अक्षरांवरच ठरत होते. विक्रेता शांतपणे म्हणाला, “आम्ही खोटं काय बोललो? फोर-के लावून बघा, चालतं की नाही?” मी पावती पुढे केली, तर तिच्यावर ‘३२ इंची एलईडी टीव्ही, नग १’ एवढेच होते. मॉडेल क्रमांक नव्हता, अनुक्रमांकही नव्हता, त्यामुळे मला कोणते मॉडेल देण्याचे कबूल केले होते याचा माझ्याजवळ लेखी पुरावाच नव्हता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने टीव्ही तपासून त्यात कोणताही बिघाड नसल्याचे सांगितले, आणि तेही खरेच होते. वॉरंटी बिघाडाची असते, चुकीचे मॉडेल पदरात पडल्याची नसते.

तो टीव्ही आता आईच्या खोलीत लांबच्या भिंतीवर आहे. बाबांसाठी दुसरा घेताना मी बाबांच्याच मुद्रितांचे एक पान पेन ड्राइव्हवर नेले, जो नग घरी यायचा तोच खोक्यातून काढून त्यावर ते पान उघडायला लावले, आणि पैसे देण्यापूर्वी पावतीवर पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि ‘पॅनलचे मूळ रिझोल्यूशन १९२० × १०८०’ हे शब्द लिहून मागितले. या वेळी ज्या पहिल्या दुकानात गेलो तिथल्या दुकानदाराने असे लिहून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, असे सांगितले, तेव्हा मी तिथून निघालो. दुसऱ्याने खोक्यावरचा तक्ता स्वतः वाचून पाहिला आणि तिन्ही गोष्टी लिहून त्याखाली सही केली.