वही, ओटा, मौन की समुपदेशक? तुकड्यांत वाटलं गेलेलं मन जोडायच्या चार वाटा

सुरतेत काम करणारा अमळनेरचा माणूस उधन्याला गाडीत बसतो तेव्हा फोनवर हिंदीत मालाचा हिशेब देत असतो. नंदुरबारला चहावाल्याशी मराठीत बोलतो, आणि नरडाणा गेलं की आईच्या फोनवर अहिराणीत 'येस वं माय, येस' (येतोय गं आई, येतोय) म्हणतो. मधलं नवापूर स्टेशन तर अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. भाषा बदलली की आवाज बदलतो, बसणं बदलतं, विनोदही बदलतात. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. काहींवर मात्र अशी वेळ येते की घरी दिलेला होकार सुरतेत पोचल्यावर आपला वाटत नाही, आणि सुरतेत पक्कं ठरवलेलं घरच्या ओट्यावर तोंडातून निघत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलींचं, किंवा सासर-माहेर दोन बोलींत सांभाळणाऱ्या बायांचंही हेच.

यावर सहसा चार वाटा सुचवल्या जातात. वहीत लिहिणं: रोज 20 मिनिटं, चार दिवस, खर्च एका वहीचा. ओट्यावर बसून घरातल्या थोरांकडून घराची गोष्ट गोळा करणं: एक सण पुरतो. मौनाचं शिबिर: जाण्यायेण्यासह 12 दिवस. आणि समुपदेशन: आठवड्याला 45-50 मिनिटं, निदान दीड-दोन महिने. लोक यातली सोयीची वाट धरतात आणि तिथेच फसतात, कारण प्रत्येक वाट वेगळ्या दुखण्यावर चालते.

आधी दुखतंय कुठे ते बघा

1993 मध्ये अमेरिकेत डोनाह्यू आणि सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या भूमिकांमधल्या स्वतःला गुण द्यायला लावले. ज्यांच्या आकड्यांत भूमिकेगणिक फार फरक पडला, त्यांच्यात चिंता आणि उदासी जास्त आढळली. पण 2002 च्या युनकूक सुह यांच्या अभ्यासात कोरियातल्या लोकांमध्ये हा संबंध अमेरिकेपेक्षा सैल निघाला. आपलं घर कोरियाच्या बाजूचं. वडिलांसमोर आवाज खाली येणं ही आपल्याकडे रीत आहे, तिला दुखणं समजून औषध शोधू नये.

म्हणून पहिल्यांदा तक्ता करा. कागद आडवा धरा आणि पाच रकाने पाडा: आईवडिलांसमोर, नवरा किंवा बायकोसमोर (लग्न झालं नसेल तर भावंडांत), कामावर, मित्र-मैत्रिणींत, एकटं असताना. डावीकडे बारा शब्द लिहा: बोलका, चिडका, ठाम, भित्रा, विनोदी, हट्टी, काटकसरी, मदतीला धावणारा, लपवणारा, मोकळा, थकलेला, प्रेमळ. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एक रकाना वरून खाली पूर्ण भरायचा, दुसऱ्या कागदाने झाकायचा, मगच पुढचा. आडवं भरत गेलात तर हात आपोआप शेजारच्या आकड्याशी जुळवून घेतो. चाळीस मिनिटं लागतात.

आता ज्या ओळीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात 3 किंवा जास्त अंतर असेल तिथे 'चालतं' किंवा 'टोचतं' लिहा. समजा, 'विनोदी' मित्रांत 5 आणि वडिलांसमोर 1 आहे. चालतं, सोडून द्या. पण 'ठाम' कामावर 5, एकटं असताना 4 आणि घरी 1 असेल तर ती ओळ बघण्यासारखी आहे. एकटं असतानाचा आकडा 4 आहे, म्हणजे ठामपणा मुळात आहे, घरी तो दाबला जातोय. याउलट एकटं असतानाही 1 आणि फक्त कामावर 5 असेल, तर कामावरचा ठामपणाच उसना आहे. दोघांचे उपाय वेगळे.

तक्ता दोन कारणांनी बिघडतो: भांडण झाल्याच्या दिवशी भरल्याने, किंवा आपण जसं असायला हवं तसं भरल्याने. पंधरा दिवसांनी जुना न बघता पुन्हा भरा. दोन्ही वेळा टोचलेल्या ओळीच खऱ्या धरायच्या.

वही

या वाटेवर सर्वांत जास्त अभ्यास झालाय. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत बोचऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. नंतरचे शेकडो प्रयोग एकत्र मोजले तर सरासरी फायदा लहानच आहे, पण आहे. पहिल्या संध्याकाळी मन जड झालं म्हणून वही बंद करणारे याचा खरा हिशेब बघतच नाहीत.

पद्धत अशी: तक्त्यातली एकच टोचणारी ओळ घ्या. गजर लावून 20 मिनिटं, न थांबता, शुद्धलेखन न बघता लिहा. चारही दिवस तोच विषय. शब्द संपले तर मागचंच वाक्य पुन्हा लिहा, पण हात थांबवू नका. वेळ झोपेआधीची नको, नाहीतर रात्रभर तेच डोक्यात फिरतं. एखादा विषय लिहिताना सहन होईनासा झाला तर तिथेच थांबून दुसरा घ्यायचा, ही सूट खुद्द पेनबेकर यांनीच दिली आहे. आणि घटना ताजी असताना, म्हणजे मयत किंवा घटस्फोटानंतर दोन-चार आठवड्यांच्या आत, ही वही उघडूच नये.

खानदेशात इथे एक जादा सोय आहे, ती बहुतेक जण वापरत नाहीत. व्हियोरिका मरियन आणि उलरिक नायसर यांनी 2000 मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांवर दाखवलं की ज्या भाषेत प्रसंग घडला त्या भाषेत विचारलं तर तो जास्त सहज आठवतो. तुमचं लहानपण अहिराणीत, लेवा बोलीत किंवा भिलीत गेलं असेल, तर ते प्रमाण मराठीत लिहिताना अर्धं हातातून सुटतं. एक वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रमाण मराठीत माणूस लिहितो, 'माझ्या शिक्षणाबाबत निर्णय घेण्यात आला.' तोच अहिराणीत लिहितो, 'बापनी माले इचारंच नही.' पहिल्या वाक्यात निर्णय कोणी घेतला ते गायब आहे. दुसऱ्यात बापही आहे, मीही आहे आणि राग 'इचारंच'मधल्या 'च'मध्ये आहे. शाळेच्या मराठीने आपल्याला अर्ज लिहायला शिकवलं, आणि आपण मनातलंही अर्जासारखं लिहितो.

म्हणून पहिले दोन दिवस घरच्या बोलीत लिहा, पुढचे दोन दिवस प्रमाण मराठीत. बोलीत प्रसंग जवळ येतो, मराठीत तो थोडा लांबून दिसतो, आणि जोडायला दोन्ही लागतं. लिहिता येत नसेल किंवा सवय नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा, चालतं.

वही काम करतेय की नाही हे चौथ्या दिवशी कळतं. पहिल्या दिवशीचं आणि चौथ्या दिवशीचं पान शेजारी ठेवा. चौथ्यात 'कारण', 'म्हणून', 'तेव्हा लक्षात आलं' असे शब्द वाढले असतील, 'मी'बरोबर 'तो' आणि 'आम्ही' यायला लागले असतील, तर गाडी पुढे चालली आहे. पेनबेकर यांच्या प्रयोगांतही फायदा झालेल्यांच्या लिखाणात असाच बदल दिसला. चारही पानं एकसारखीच तक्रार सांगत असतील तर ती फक्त उजळणी झाली. पाचवा दिवस काढू नका, दुसरी वाट धरा.

राहिला प्रश्न लपवण्याचा. एकत्र घरात वही कोणाच्याही हाती लागते, आणि लागणार या भीतीनेच माणूस खोटं लिहितो. पानं सुटी घ्या, पहिलं-चौथं ताडून झाली की फाडून चुलीत घाला. फायदा लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही.

ओटा

ज्यांना 'मी कुठून आलो' हेच तुटलेलं वाटतं, म्हणजे दुसरी पिढी सुरतेत किंवा पुण्यात वाढलेल्यांना, त्यांच्यासाठी ही वाट वहीपेक्षा बरी. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवूश यांनी मुलांना घराण्याबद्दल वीस हो-नाही प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, घरावर कोणतं संकट आलं होतं. ज्या मुलांना जास्त माहीत होतं ती मनाने जास्त सावरलेली निघाली. माहितीमुळेच सावरली असं यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात गप्पा होतात ते घर मुळातच बरं असू शकतं.

वेळ आखाजीची (अक्षय्य तृतीया) किंवा कानबाईची (श्रावणातला खानदेशी देवीचा सण). आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, कानबाईच्या रोटाला बाहेरगावचे भाऊबंद परततात. नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भावकी एका छपराखाली मिळते, असा योग वर्षात पुन्हा नाही. पण 'जुन्या काळचं सांगा' असं विचारलं तर ठरलेलं भाषण ऐकायला मिळतं. विचारायचं ते असं: 'त्या दुष्काळात कापूस विकून किती आले, आणि ते पैसे कोणाच्या हातात होते?' वस्तू, पैसा, जागा यांबद्दल विचारलं की माणसं खरं बोलतात. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. एकच प्रसंग दोघांकडून, वेगवेगळं बसून ऐका, शक्यतो काकू आणि आत्याकडून. त्या दोघींची गोष्ट क्वचितच जुळते.

या वाटेचा दोष तिथेच आहे. घर आपली अधिकृत आवृत्ती सांगतं, आणि ऐकणारा 'आपल्या घराण्यात असं करत नाहीत' याचं नवं ओझं घेऊन परततो. तक्त्यात 'आईवडिलांसमोर' हाच रकाना टोचत असेल तर ओट्यावर जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नाही.

मौन

धुळ्याजवळ डेडरगावच्या बाजूला धम्म सरोवर आहे, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर इगतपुरीचं धम्मगिरी. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर. पहाटे 4 ला घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं, पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. मौन दहाव्या दिवशी सुटतं, अकराव्या सकाळी घरी. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर ऐच्छिक दान. संध्याकाळी नव्या साधकाला चहा आणि हलकं काही, जेवण नाही. रात्री भाकरीशिवाय झोप न येणाऱ्याने ही मनाची तयारी आधीच करावी. फोन जमा, आणि लिहिणं-वाचणंही बंद. म्हणजे वहीची वाट इथे चालत नाही.

दुसरा फरक जास्त खोल आहे. वही आणि ओटा 'मी'ची गोष्ट विणतात, विपश्यना 'मी'ची पकड सैल करते. ज्याचं दुखणं गोंगाटाचं आहे, पाच भूमिका एकाच वेळी डोक्यात भांडतात, त्याला याचा उपयोग होतो. ज्याला मुळात आपण पोकळ वाटतो, आठवणींचे धागे सापडत नाहीत, त्याला दहा दिवसांची शांतता जड जाऊ शकते. गंभीर मानसिक आजार असेल तर शिबिरवालेच थांबवतात. अर्जात औषधांबद्दल विचारलं जातं तिथे लपवू नका. अंदाज घ्यायचा असेल तर रोज दहा मिनिटं घरी श्वासावर बसून बघा, महिनाभर.

समुपदेशक

खर्चाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी वाट. मधले काही तास आठवत नाहीत, आवाज ऐकू येतात, वारंवार अंगात येतं आणि नंतर काही सुचत नाही, जीव द्यावासा वाटतो, यातलं काहीही असेल तर वरच्या तिन्ही वाटा बाजूला ठेवून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जळगाव आणि धुळे इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो.

बाकीच्यांनी पाटीवर नुसतं 'समुपदेशक' लिहिलंय म्हणून आत जाऊ नये. शिक्षण विचारा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. पहिल्याच भेटीत सल्ल्यांचा पाऊस पडला तर दुसरा माणूस शोधा. तालुक्याच्या गावात एक जादा अडचण असते: दोन वाक्यांत ओळख निघते, 'तुम्ही फलाण्यांचे का?' आणि मग तोंड मिटतं. शेजारच्या तालुक्यात जा किंवा व्हिडिओवर बोला. अहिराणीत बोललं तर चालेल का, हेही विचारून ठेवा. रागावर आणि रडण्यावर पोचायला माणसाला त्याचीच बोली लागते, समोरच्याला ती पूर्ण समजली नाही तरी.

दोन भेटींनी काही झालं नाही म्हणून सोडणारे खूप. सहा भेटींपर्यंत थांबा, आणि दर दुसऱ्या भेटीनंतर तक्त्याच्या टोचणाऱ्या ओळी पुन्हा भरा. आकडा हलत नसेल तर तसं समोर बोलून दाखवा.

मग कोणी काय घ्यावं

घरी दबणारा पण एकटेपणी ठाम असलेला माणूस वहीपासून सुरू करो, आणि चौथ्या पानानंतर घरातल्या एकाच माणसाशी एकच गोष्ट बोलो. सगळ्यांना एकदम सांगायला गेलात की सभा होते. कामावरचा ठामपणा उसना असेल तर वही अपुरी पडते, तिथे समुपदेशक लागतो. परगावी वाढलेल्यांनी पुढच्या कानबाईची वाट बघायला हरकत नाही. गोंगाटवाल्यांनी शिबिर धरावं, पण कापूस वेचणीच्या दिवसांत नाव घालू नये. घरची वेचणी टाकून आलेला माणूस श्वास सोडून मजुरीचा हिशेब करत बसतो. वही आणि शिबिर दोन्ही करायचं असेल तर वही आधी, आणि मध्ये महिना जाऊ द्या, म्हणजे नुकतंच उकरलेलं घेऊन कोणी दहा तास डोळे मिटून बसणार नाही.