बिलावर नऊ लिटर, गाडीत जुनंच ऑइल

नाशिकमध्ये ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांची संख्या चार-पाच वर्षांत चांगलीच वाढली आहे. तिच्या गिअरबॉक्सची माहिती मात्र ना मालकाला असते, ना बऱ्याच गॅरेजवाल्यांना. काहीजण या अज्ञानावरच दुकान चालवतात. त्यातल्या एकानं मला कसं गंडवलं, ते सविस्तर लिहिते. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही.

आमच्याकडे 2012 ची आय-टेन ऑटोमॅटिक आहे. सासऱ्यांनी घेतलेली, आता मी चालवते. पावसाळ्याच्या तोंडावर तिनं एक खोड काढली. सकाळी एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये (ड्राइव्ह) टाकलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग धाडकन धक्का. कसारा घाट चढताना गिअर बदलताना घुटमळायची. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली, नाकाशी नेली आणि मान हलवली.

"मॅडम, ऑइल जळलंय. आज फ्लश केलं तर गिअरबॉक्स वाचेल, नाहीतर सत्तर-ऐंशी हजारांची तयारी ठेवा."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. या गिअरबॉक्सचं नवं ऑइल, म्हणजे एटीएफ, लालचुटूक असतं. जुनं झालं की तपकिरी होतं आणि करपल्यासारखा वास येतो. डिपस्टिकवर तसंच दिसत होतं. निदान बरोबर असलं की पुढच्या इलाजावर शंका घ्यायचं कोणाच्या मनात येतं?

इलाज असा सांगितला: मशीननं पूर्ण फ्लश, नऊ लिटर सिंथेटिक ऑइल, आतून साफ करायचं केमिकल आणि मजुरी मिळून 13,800 रुपये. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल मावतं सहा लिटरच्या थोडं वर. फ्लश करताना नवं ऑइल आत ढकलत जुनं बाहेर काढतात, त्यामुळे क्षमतेपेक्षा जास्त लागतं. म्हणजे नऊ हा आकडाही पटण्यासारखाच. काम बघायचं म्हटलं तर "इन्शुरन्सवाल्यांचा नियम आहे, कस्टमरला आत सोडता येत नाही." मग एसीत बसा, चहा घ्या, टीव्ही बघा.

संध्याकाळी गाडी मिळाली आणि सोबत काचेची एक छोटी बाटली, डांबरासारख्या काळ्या ऑइलनं भरलेली. "बघा मॅडम, काय निघालंय तुमच्या गाडीतून!" ती घरी न्यायलाही दिली. बिल मागितलं तर छापील पॅडवर पेननं लिहिलेली चिठ्ठी: "एटीएफ फ्लश 9 लि." जीएसटी नंबर नाही, ऑइलचा ब्रँड नाही, ग्रेड नाही. पैसे यूपीआयनं गेले, तेही कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात.

आठवडाभर गाडी बरी चालली, नंतर पुन्हा तोच धक्का.

माझ्या मामांची उभी हयात अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेली. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी बाटली मागितली. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, दुसरा दोन बोटांत चोळला. कागदावर मधोमध काजळीचा काळा ठिपका बसला, कडेला लाल-तपकिरी छटा नावालाही नाही. बोटांवर काळं राहिलं, साबणानंही धड निघेना. "हे गिअरबॉक्सचं नाहीच गं," मामा म्हणाले. "हे कुठल्यातरी डिझेल गाडीचं इंजिन ऑइल आहे." डिझेल इंजिनात काजळी तयार होते, म्हणून त्याचं ऑइल थोड्याच दिवसांत काळंभोर होतं. गिअरबॉक्समध्ये ज्वलनच होत नाही, तर इतकी काजळी येणार कुठून?

मग गाडीची डिपस्टिक टिश्यूवर पुसली. तपकिरी डाग, करपट वास, अगदी पहिल्यासारखा.

पुढच्या रविवारी पाथर्डी फाट्याच्या घरी आम्हीच ऑइल बदललं. गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंनी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मामांनी मलाही शिरू दिलं नाही. खालून जे दिसलं त्याचे फोटो काढून ठेवले. ड्रेन बोल्टवर चिखलाचा जुना थर तसाच. आता फ्लश मशीन गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपला जोडतात, ड्रेन बोल्ट उघडावा लागत नाही, तेव्हा नुसत्या बोल्टवरून चोरी सिद्ध होत नाही. पण कूलरच्या पाइपच्या क्लिपाही तशाच मातीनं लिंपलेल्या होत्या. तिथे पक्कड लागली असती तर माती पडली असती, निदान ओरखडा तरी दिसला असता.

बोल्ट सैल केला आणि पातेल्यात तपकिरी धार पडली. मोजलं तर पावणेचार लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून राहतं, ते असं खालून निघत नाही. म्हणून आम्ही तेवढंच नवं भरलं, गाडी काही दिवस चालवली आणि पुन्हा काढून भरलं. दुसऱ्या खेपेला धार बरीच लाल होती. बोल्टाचा वॉशर नवा टाकला. ऑइल या गिअरबॉक्सला लागणाऱ्या एसपी-थ्री ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं. "सगळ्या गाड्यांना चालतं" म्हणून ड्रममधून ओतून देतात ते नव्हे. लेव्हल बघायची रीतही इंजिनसारखी नसते. इंजिनाची डिपस्टिक आपण बंद गाडीत बघतो. या गाडीत गिअरबॉक्स तापलेला हवा, ऑइल 70-80 अंशांवर, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवलेला, आणि मग "हॉट" खुणेशी मोजायचं. थंड गाडीत त्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर जास्त होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जास्त ऑइलही कमीइतकंच बाधतं. कित्येक नव्या गाड्यांना तर डिपस्टिकच नसते, तिथे हा उद्योग घरी करू नये.

दोन्ही खेपांचा खर्च गॅरेजच्या बिलाच्या निम्म्यातही गेला नाही. धक्का जवळपास थांबला आहे. मग मधला आठवडा गाडी बरी का चालली? मामांचा अंदाज असा की लेव्हल कमी असावी आणि गॅरेजवाल्यांनी वरून अर्धा लिटर ओतलं असावं. मला तो पटतो.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेले. आधी "मिक्स झालं की रंग बदलतोच मॅडम." मग पूर्ण फ्लशमध्ये मिक्स कसं होतं, असं विचारल्यावर "मुलगा नवीन होता." बाटली टेबलावर ठेवून ही कुठल्या गाडीची ते सांगा म्हटलं, तेव्हा आवाज खाली आला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली, त्यानंतर निम्मे पैसे परत आले. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची तयारी चालू आहे. व्यवहार झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पक्कं बिल नसल्यानं अडचण आहे, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवर गॅरेजवाल्यांनी लिहिलेलं "नऊ लिटर टाकलं मॅडम" हे दोन्ही हातात आहे.

तुमच्यावर वेळ आली तर काम समोर करायला लावा. सीलबंद डबे समोर उघडायला सांगा, रिकामे डबे घरी आणा, ग्रेड बिलावर लिहून घ्या. जायच्या आधी आणि आल्यावर डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसून तारखेसह फोटो काढा. आत सोडत नसतील तर गाडी वळवा. नाशकात गॅरेजांना तोटा नाही.

आणि एएमटीवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र हलवतं, एवढाच फरक. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, एटीएफ नाही, फ्लश मशीन जोडायला कूलरचा पाइप नाही, दोन-अडीच लिटर साधं गिअर ऑइल असतं. माझ्या नणंदेच्या एएमटीला याच गॅरेजनं मागच्या महिन्यात नऊ लिटरचं फ्लश सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "दादा, मशीनचा पाइप कुठे जोडणार?" तो म्हणाला, "ते आमचं आम्ही बघतो ताई, तुम्ही आत एसीत बसा." तिनं चावी मागून घेतली आणि गाडी बाहेर काढली.