गालावरचे खड्डे आणि लेझरची चार सेशन

दहावीपासून गालावर मुरुमांचे खड्डे घेऊन वावरले. लग्नाच्या फोटोंतही मी मान एका बाजूला वळवूनच उभी आहे. यंदा पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे फ्रॅक्शनल सीओटू लेझरची (हे लेझर कातडीला बारीक बारीक टिपक्यांत भाजतं, म्हणजे ती नव्याने भरून येते) 4 सेशन केली, दीड-दीड महिन्याच्या अंतराने.

सगळ्यात आवडलं ते हे, की पहिल्या दिवशी त्यांनी मशीन सुरूच केलं नाही. हातात आरसा दिला आणि कुठला खड्डा कसला ते समजावलं. पसरट, उथळ खड्ड्यांना लेझर चांगलं लागू पडतं. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात त्यांना ते पुरत नाही, तिथे टीसीए नावाच्या तीव्र अ‍ॅसिडचा थेंब लावतात. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग उठायची भीती जास्त, म्हणून पॉवर बेतानेच ठेवली.

भूल देणारं क्रीम तासभर लावूनही कानशिलापाशी चांगलंच झोंबतं. रात्री चेहरा नुसता भाजत होता. चौथ्या दिवशी पॉलिश पेपरसारखी खरखरीत झालेली कातडी सुटू लागली. ती ओढायची नाही, व्हॅसलिन लावत राहायचं.

सेशनला 6,000 रुपये. खड्डे निम्म्याने तरी भरलेत, पण खरा फरक शेवटच्या सेशननंतर 3 महिन्यांनी दिसला, कारण आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन, तयार व्हायला वेळ लागतो.

तक्रार एकच. उन्हाची काळजी तोंडी सांगितली, ती कागदावर लिहून द्यायला हवी होती. दुसऱ्या सेशननंतर मी भर दुपारी स्कूटरवरून फिरले आणि उठलेला डाग जायला 2 महिने लागले.