अलिबागचे घर ‘व्यवस्थापना’ला दिले आणि 5,75,310 रुपये गमावले

सरकारी खात्याच्या लेखा शाखेत 29 वर्षे मी इतरांच्या पावत्या तपासल्या आणि स्वतःच्या घराचे हिशेब मात्र सात महिने न तपासता फाइलला लावत गेले, त्यामुळे हे लिहिताना मला रागाइतकीच लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण अलिबाग, लोणावळा, दापोली या भागांत ज्यांचे सुट्टीचे घर आहे त्यांना अशा ‘संपूर्ण व्यवस्थापन’ करणाऱ्यांचे फोन सतत येत असतात, आणि ही मंडळी कशी बोलतात हे तुम्हाला ठाऊकच असेल.

अलिबाग तालुक्यात आमचे तीन खोल्यांचे घर आणि नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. 2021 पासून ते घर आम्ही स्वतःच पर्यटकांना देत होतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट आधीच सुरू झाली होती आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर मुंबईकरांची ये-जा आणखी वाढली. 2023-24 या वर्षात आमच्याकडे एकूण 7,84,500 रुपये जमा झाले आणि सर्व खर्च वजा जाता 4,61,000 रुपये उरले. त्यासाठी रात्री साडेअकराला ‘गीझर चालत नाही’ असे फोन घ्यावे लागत, दर दोन आठवड्यांनी ठाण्याहून जावे लागे, आणि बाराजण सांगून अठराजण उतरणाऱ्या पाहुण्यांशी वाद घालावा लागे. ऑगस्ट 2024 मध्ये यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मला हे सारे झेपेना. आळसामुळे किंवा हव्यासापोटी आम्ही घर दुसऱ्याच्या हाती दिले, असे जे नातेवाईक आता म्हणतात, त्यांनी त्या दोन महिन्यांत एकदा तरी डबा आणून दिला असता तर बरे झाले असते.

18 सप्टेंबर 2024 रोजी अशाच एका व्यवस्थापन सेवेच्या तरुणाशी करार झाला. जमा रकमेवर 20 टक्के कमिशन, दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत हिशेब आणि पैसे, आणि सुरुवातीला छायाचित्रे व मांडणी यांसाठी 85,000 रुपये, अशा अटी होत्या. पहिल्या वर्षी 12 लाख रुपये जमतील असे तो तरुण छातीठोकपणे सांगत होता. करारात मात्र तो आकडा कोठेही नव्हता. करारात दुसरेच एक वाक्य होते: हिशेब मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो मान्य समजला जाईल. ते वाक्य मी वाचले होते आणि त्याखाली सहीही केली होती.

पहिली मोठी चूक त्याच आठवड्यात झाली. बुकिंगच्या संकेतस्थळावरील आमची जुनी नोंद, जिच्यावर पाहुण्यांचे 112 अभिप्राय जमले होते, ती ‘दोन नोंदींमुळे गोंधळ होतो’ या कारणाने त्यांनी मला बंद करायला लावली आणि स्वतःच्या खात्यातून नवी नोंद उघडली. त्यामुळे पाहुण्यांचे पैसे त्यांच्या बँकेत जाऊ लागले आणि माझ्याकडे फक्त त्यांनी पाठवलेला तक्ता येऊ लागला. नोंद आपल्याच नावावर व आपल्याच बँक खात्याशी जोडलेली ठेवून व्यवस्थापकाला केवळ सहयजमान म्हणून जोडता येते, ही सोय त्याच संकेतस्थळावर आहे. ती जो नाकारतो त्याला चहा पाजून परत पाठवावे.

ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025 या सात महिन्यांत घर 58 रात्री भाड्याने गेले, असे त्यांचे तक्ते सांगतात. सरासरी 7,400 रुपयांनी 4,29,200 रुपये जमा, त्यातून 85,840 रुपये कमिशन आणि धुलाई, जाहिरात, दुरुस्ती, जीएसटी अशा नावांखाली 1,96,410 रुपये वजा, म्हणजे आमच्या वाट्याला 1,46,950 रुपये. त्यांपैकी 1,11,300 रुपये हाती आले. मार्च आणि एप्रिलचे 35,650 रुपये ‘पुढच्या सोमवारी’ येणार होते. कमिशनवर 18 टक्के जीएसटी ज्या क्रमांकाने आकारला जात होता, त्या क्रमांकाची नोंदणी केव्हाच रद्द झालेली होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणीही लॉगिन न करता हे पाहू शकतो आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. मी ते जून 2025 मध्ये पाहिले.

आता त्या क्षणाविषयी लिहिते, जो मला अजूनही रात्री झोपू देत नाही. वीजजोडणी माझ्या नावावर असल्याने महावितरणचा संदेश माझ्याच मोबाइलवर येतो. जानेवारी 2025 मध्ये घर सहा रात्री गेले, असा हिशेब होता आणि बिल आले 812 युनिटचे. आम्ही स्वतः घर चालवत असताना सहा-सात रात्रींच्या महिन्यात अडीचशे युनिटच्या वर बिल जात नसे. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, जुनी बिले कपाटात होती, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहणे हे तर माझे आयुष्यभराचे काम. मी त्या तरुणाला फोन केला. तो हसून म्हणाला, “काकू, तुमचे केअरटेकर रात्रभर एसी लावून झोपतात, मी बोलणार नव्हतो.”

आणि मी ते मानले. वाडीतल्या खोलीत राहून नऊ वर्षे घर सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना मी फोनवर नको ते बोलले आणि त्यांच्या 12,000 रुपयांच्या पगारातून फेब्रुवारी व मार्चचे प्रत्येकी 1,500 रुपये कापले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी स्वतःच्या हाताने केले. ते एवढेच म्हणाले, “बरं वहिनी.”

शनिवार, 31 मे 2025 रोजी नाशिकचे एक कुटुंब 30,000 रुपये आगाऊ भरून दारात उभे राहिले, तेव्हा सारे उघडे पडले. आमच्या हिशेबी त्या तारखा ‘देखभालीसाठी बंद’ होत्या, आणि त्या तरुणाचा फोन आठवडाभर लागत नव्हता. लहान मुले सोबत होती, म्हणून त्या कुटुंबाला दोन रात्री फुकट राहू दिले. दुसऱ्या दिवशी मी अलिबागला पोहोचले आणि केअरटेकरच्या पत्नीने माझ्यापुढे जेवणाची वही ठेवली. पाहुण्यांच्या ताटांचे पैसे तिला ताटामागे मिळत, म्हणून ती रोज तारीख घालून ‘मासे 6, शाकाहारी 4’ असे लिहून ठेवत होती. त्या सात महिन्यांत घर 131 रात्री भरलेले होते. म्हणजे 73 रात्री माझ्यापासून लपवल्या गेल्या होत्या. ‘बंद’ दाखवलेल्या तारखांना फोनवरून परस्पर बुकिंग होई आणि पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय खात्यावर जात. तुम्ही मला कधी सांगितले का नाही, असे मी विचारले, तर ती म्हणाली की, “मॅडमना सगळं मोबाइलवर दिसतं, असं ते साहेब म्हणाले होते.”

त्यांच्याच तक्त्यातल्या सरासरी 7,400 रुपयांनी धरले तर 73 रात्रींचे कमिशन वजा जाता 4,32,160 रुपये होतात. त्यात थकलेले 35,650, सुरुवातीचे 85,000 आणि विहिरीच्या ज्या पंपावर आजही जुनाच क्रमांक आहे, तो ‘बदलल्याचे’ 22,500 रुपये मिळवा. मे महिन्याचा हिशेब कधी आलाच नाही, म्हणून तो मी यात धरलेला नाही.

यानंतरचा अनुभव मूळ फसवणुकीपेक्षाही संतापजनक होता. घर ज्या हद्दीत आहे तेथील पोलीस ठाण्यात सांगितले गेले की, करार ठाणे शहरात झाला आहे, तिकडे जा. ठाणे शहरातल्या पोलिसांनी सांगितले की, घर तिकडे आहे, इकडे का आलात. हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, असे मी छापील प्रत दाखवून म्हणाले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने ती प्रत न वाचताच ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकवले. दुसऱ्याचे पैसे विश्वासाने ताब्यात घेऊन खोटे हिशेब देणे हा दिवाणी वाद असेल, तर भारतीय न्याय संहितेत फौजदारी विश्वासघाताचे कलम 316 आणि फसवणुकीचे कलम 318 कशासाठी लिहिले आहे? सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, तर पैसे तुमच्या खात्यातून गेलेले नाहीत, ते तुमच्या खात्यात आलेच नाहीत, म्हणून नोंद करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवला. 47 दिवसांनी ‘चौकशी सुरू आहे’ अशी एक ओळ आली. त्या ठाण्यांत मी एकूण अकरा फेऱ्या घातल्या आणि प्रत्येक वेळी कथा पहिल्यापासून सांगितली. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर वकिलांनी सांगितले की, घर भाड्याने देणे हा ‘व्यापारी हेतू’ आहे आणि तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप समोरून येणार. हे स्वतःच्या उपजीविकेसाठी होते, हे आपल्याला सिद्ध करावे लागेल. त्यांनी पंधरा दिवसांच्या हरकतीच्या त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढून कागद माझ्यापुढे सरकवला.

स्वतः घर चालवावे की सेवा घ्यावी, असे लोक आता मला विचारतात. सेवा घेण्यात गैर काही नाही; धुलाई, स्वच्छता, पाहुण्यांची उठबस हे सारे पैसे देऊन करून घ्यावे. पण पाहुण्यांचे पैसे आधी आपल्या खात्यात आले पाहिजेत आणि कमिशन आपण दिले पाहिजे, उलट नव्हे. फाटकावरचा क्यूआर कोड कोणाच्या नावाचा आहे, ते स्वतः एक रुपया पाठवून पाहावे. दुरुस्तीच्या बिलासोबत जुना सुटा भाग मागावा. आणि घरात जी व्यक्ती रोज झाडू मारते, तिला महिन्यातून एकदा फोन करावा. मी सात महिन्यांत तिच्याशी एकदाही बोलले नाही.

दिवाळीपासून आम्ही घर पुन्हा स्वतःच देऊ लागलो आहोत. नव्या नोंदीवर आतापर्यंत चार अभिप्राय आले आहेत. केअरटेकरचे कापलेले 3,000 रुपये मी जूनमध्येच परत केले होते. त्यांनी ते न मोजता पत्नीच्या हाती दिले आणि तिने ताटांच्या त्याच वहीत तारीख घालून ते लिहून घेतले.