प्रेशर वॉशर: चिपळूणच्या गाळात तपासलेले यंत्र

गाडी, अंगण आणि गच्ची धुण्यासाठी म्हणून विकला जाणारा, १८०० वॅटच्या मोटरचा, विजेवर चालणारा एक प्रेशर वॉशर आमच्याकडे २०२१ च्या जुलैअखेरीपासून आहे. त्या वेळी त्याची किंमत नऊ हजारांच्या आसपास होती. या वर्गातली बहुतेक यंत्रे आतून सारखीच असतात, आणि खाली एक तक्रारही येणार आहे, म्हणून कंपनीचे नाव देत नाही. या यंत्राचे अभिप्राय सहसा धुतलेल्या स्कूटरच्या छायाचित्रासह लिहिलेले असतात. आमच्या यंत्राने मात्र पहिले पाणी मारले ते चिपळूणच्या बाजारपेठेतल्या, जवळजवळ छतापर्यंत बुडून गेलेल्या दुकानावर. त्यामुळे माझी मोजपट्टी थोडी वेगळी आहे.

२२ जुलै २०२१ रोजी पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, आणि उजाडेपर्यंत बाजारपेठ, चिंचनाका, खेंड हे सगळे भाग पाण्याखाली गेले होते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा तुफान पाऊस, पौर्णिमा दोन दिवसांवर आल्याने खाडीला आलेली मोठी भरती आणि वर्षानुवर्षे गाळाने उथळ झालेले नदीपात्र हे सारे एकाच वेळी जुळून आले. कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येणाऱ्या कोयनेच्या अवजलाचा, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याचा, त्यात किती वाटा होता, यावर गावात अजूनही वाद होतात. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली माणसे त्या पुराची खूण डोक्यात धरून सामान वर चढवत होती, आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेले. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात वीज बंद पडून आठ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे येथे दरड कोसळून सतरा माणसे गेली. एसटीचे आगार व्यवस्थापक नऊ लाखांची रोकड सांभाळत बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते, ती हकिगत नंतर सगळीकडे पोहोचली. आमच्या काकांच्या स्टेशनरीच्या दुकानात पाण्याची रेघ साडेनऊ फुटांवर उमटली होती. शाळेच्या हंगामासाठी भरलेल्या दोनशे पानी वह्या रॅकमध्येच फुगून अशा घट्ट बसल्या होत्या की त्या हाताने निघेनात. पहारीने उचकटून काढाव्या लागल्या, आणि निघाल्या त्या वह्या नव्हत्याच, लाकडाच्या ओंडक्यासारखे ओले ठोकळे होते.

आतेभावाने हा प्रेशर वॉशर पुण्याहून मदतीच्या टेम्पोत घालून पाठवला. हेतू चांगला होता, पण शहरात वीज नव्हती. शेजाऱ्यांनी आणलेला एक केव्हीएचा जनरेटर यंत्राचे बटण दाबताच मान टाकायचा. सुरू होतानाच मोटर जास्त वीज ओढते, तेव्हा या यंत्राला किमान तीन केव्हीएचा जनरेटर लागतो, ही गोष्ट खोक्यावर कुठेही छापलेली नाही. पहिले तीन दिवस नवे कोरे यंत्र जिन्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बसून राहिले. आपत्तीच्या जागी विजेवरचे यंत्र पाठवणाऱ्यांनी हा मुद्दा आधी लक्षात घ्यावा, कारण त्या आठवड्यात आमच्या गल्लीत खरी किंमत फावडे, घमेले, खराटा आणि गमबूट यांनाच होती.

तसेही सुरुवातीला यंत्र चालले असते तरी उपयोग झाला नसता. सांगलीहून मदतीला आलेल्या, २०१९ चा पूर स्वतः सोसलेल्या एका गवंड्याने आमच्या दुकानात पाऊल टाकताच सांगितले, "दादा, गाळ ओला हाय तोवर काढा, वाळला की सिमेंट हुतंय. आणि आधी फावडं. पाणी मागनं." हाच क्रम बरोबर होता. वीतभर जाडीच्या गाळावर प्रेशरचे पाणी मारले की गाळ हलत नाही, फक्त उडतो, आणि आधी कोरड्या राहिलेल्या छतावर जाऊन बसतो. गल्लीतल्या माणसांनी आपापले दुकान एकट्याने न उपसता एका टोकापासून सुरुवात केली. देवरुख, गुहागर, दापोलीकडून आलेली मुले, इतर शहरांतल्या महापालिकांची सफाई पथके आणि कुठल्या संस्थेचे ते आजही ठाऊक नसलेले काही तरुण अशी घमेल्यांची साखळी लागली, तेव्हा एका दुकानाला अर्धा दिवस पुरू लागला. भाकऱ्या, पिठले आणि पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा वरच्या भागातल्या घरांमधून येत असे. काका पहिल्या दिवशी कोणाला आपल्या दुकानात फावडे लावू देईनात. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच समोरच्या औषधाच्या दुकानात गाळ उपसत होते.

आता यंत्राच्या मुख्य गुणाकडे, म्हणजे पाण्याकडे, येतो. हा वॉशर मिनिटाला साडेसहा लिटर, म्हणजे तासाला सुमारे चारशे लिटर पाणी वापरतो. नळ बंद होते आणि पाच हजार लिटरच्या टँकरवर आठ दुकानांचा हिशेब होता, त्यामुळे ही काटकसर फार मोठी वाटली. एक टँकर बारा तास पुरतो. मात्र कमी पाण्याची दुसरी बाजूही आहे. दाब भिंतीवरचा गाळ सोडवतो, पण सुटलेला गाळ वाहून न्यायला पाणीच नसते, आणि तो कोपऱ्यात साचून राहतो. हे उघड झाले ते गुहागरकडचे एक आंबा बागायतदार आपला फवारणीचा एचटीपी पंप, लांबलचक पाइप आणि बंदुकीसकट टेम्पोत घालून आले तेव्हा. मोहोरावर औषध मारायचा हा पंप पेट्रोलच्या इंजिनावर चालतो, विजेची वाट पाहत नाही. त्याचा दाब वॉशरच्या तुलनेत कमी असला तरी पाण्याची धार जाड असते. त्या पंपाने दोन दिवसांत गल्लीची जमीन दिसू लागली. टँकर मात्र साडेतीन तासांतच रिकामा व्हायचा, आणि मग सगळे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. नऊ हजारांचे नवे यंत्र आणि बागेतला जुना पंप यांची तुलना करायची तर पहिल्या आठवड्यासाठी मी निःसंकोच पंपाच्या बाजूने कौल देईन.

वीज आल्यावर वॉशरचे दिवस आले. शटरच्या पट्ट्यांमधला, लोखंडी रॅकच्या भोकांमधला आणि फरशीच्या सांध्यांमधला गाळ खराट्याने निघत नाही, आणि तो राहिला तर कुजलेल्या धान्याचा, डिझेलचा, औषधांचा एकत्र वास महिनाभर जात नाही. या कामात यंत्राला तोड नाही. पंख्याच्या आकाराची धार देणारा नोझल लावून चार बोटांच्या अंतरावरून पाणी मारले की शटरचा मूळ निळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडत जातो, आणि त्या दिवसांत ते पाहायला गल्लीतली माणसे काम थांबवून उभी राहत. मात्र उडणारे तुषार नाकातोंडात जातात, आणि पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. कोविडमुळे मास्क प्रत्येकाच्या खिशात होताच. चष्मे मात्र कोणाकडे नव्हते, ते असायला हवे होते.

नुकसानही केले आहे यंत्राने, आणि त्यात आमची घाई जास्त होती. बारीक धारेचा नोझल लावून भिंत धुताना जुन्या चुन्याचा गिलावा पोपड्यांसह खाली आला. जांभ्याच्या चिऱ्यावर ती धार मारली की दगडाला खळगे पडतात. पुढे घराच्या अंगणातले शेवाळ काढताना ही चूक मी पुन्हा केली. विजेची बटणे, मोटर, फ्रिज यांच्याजवळ यंत्र नेऊच नये. कागदाच्या बाबतीत तर ते निरुपयोगी आहे. १८६४ साली सुरू झालेल्या, शहरातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या ग्रंथालयातही पाणी शिरले आणि ग्रंथांची मोठी हानी झाली. भिजलेल्या पुस्तकांना यंत्र नाही, माणसांचे हातच लागतात.

तक्रार अशी की अकराव्या दिवशी वॉशरच्या आतल्या पंपाने दाब धरणे सोडले. आत पाणी घेणारी जाळी गाळाने भरली होती, आणि ती दिवसातून दोनदा धुवायची असते हे माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. टँकरचे पाणी संपल्यावर आम्ही विहिरीचे गढूळ पाणी वापरले होते, ही चूक मान्य आहे. पण सेवा केंद्राने यंत्र उघडूनही न पाहता गढूळ पाण्याला वॉरंटी नाही असे कळवले, आणि यंत्र स्वखर्चाने पाठवा, तीन आठवडे लागतील, असेही सांगितले. कुठून बोलताय असे विचारल्यावर चिपळूण म्हटले, तरी उत्तर बदलले नाही. अखेर खेर्डीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका फिटरने रविवारी ते खोलून आतली सीले, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, बदलली आणि फक्त सुट्या भागांचे तीनशे रुपये घेतले. ती सीले अजून टिकून आहेत.

त्या वर्षी १० सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा आमच्या मंडळाने सजावट केली नाही; वर्गणीतून एक जुना एचटीपी पंप विकत घेतला आणि हा वॉशरही गल्लीचा म्हणून जाहीर केला. पुढे डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने नद्यांतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले, आणि नंतर शासनाच्या व नाम फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या यंत्रांनी शिव आणि वाशिष्ठीच्या पात्रातून गाळ काढला जाऊ लागला. ती यंत्रे वेगळ्याच आकाराची, पण काम तेच. आमची दोन्ही यंत्रे आता काकांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर असतात. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ती खाली काढून दहा मिनिटे चालवून पाहतो, जाळी धुतो आणि पुन्हा वर ठेवतो.

खरेदी करणाऱ्यांसाठी सांगायचे तर, घर उंचावर असेल आणि गाडी धुणे एवढेच काम असेल तर यंत्र उत्तम आहे. नदीकाठी राहत असाल तर ते एकट्याने न घेता चार घरांनी मिळून घ्यावे, सोबत पेट्रोलवरचा पंप असावा, आणि जाळी व सीले यांचा एक जादा संच पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. पाइप मात्र दहा मीटरचाच घ्यावा. यंत्रासोबत येणारा पाच मीटरचा पाइप आमच्या दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचला होता.