टी पेशीचा चुंबकी संच : दुसरा संकेत पटतो, लगाम मात्र उलटा

मालवणच्या आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्रतिकारशास्त्र शिकवताना फळ्यावरच्या चित्रांनी भागेना, म्हणून गेल्या जूनमध्ये टी पेशी (रोगप्रतिकार करणारी एक पांढरी रक्तपेशी) कशी कार्यरत होते हे दाखवणारा फोमच्या तुकड्यांचा चुंबकी संच १,४५० रुपयांना ऑनलाइन मागवला. पूर्ण सत्रभर वापरून मगच हा अभिप्राय लिहीत आहे.

संचाची खरी करामत टी पेशीच्या पाठीमागे बसवलेल्या छोट्या दिव्यात आहे. डेंड्रिटिक पेशी टी पेशीला प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ओळखते तो पदार्थ, दाखवते. तिच्यावरच्या एमएचसी या धारक रेणूने धरलेला प्रतिजनाचा तुकडा टी पेशीच्या ग्राहीत, म्हणजे तो ओळखणाऱ्या रेणूत, नीट बसवला, तरी दिवा लागत नाही. टी पेशीवरचा शेजारचा पिवळा सीडी २८ रेणू समोरच्या डेंड्रिटिक पेशीवरच्या सीडी ८० किंवा सीडी ८६ या रेणूला टेकून ‘टक्’ असा आवाज झाला, की मगच तो लागतो. प्रतिजनाची ओळख हा पहिला संकेत आणि सहउत्तेजक रेणूंची ही गाठ हा दुसरा. दुसरा मिळालाच नाही, तर टी पेशी त्या वेळेपुरती गप्प राहते एवढेच नव्हे, तर पुढे तोच प्रतिजन पुन्हा समोर आला तरी दाद देईनाशी होते. या अवस्थेला अ‍ॅनर्जी म्हणतात. डेंड्रिटिक पेशीला जंतूची चाहूल लागल्यावरच तिच्या पृष्ठभागावर सीडी ८० आणि ८६ हे रेणू भरपूर येत असल्याने शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर टी पेशी सहसा उठत नाहीत, हेही इथे ओघाने सांगता येते. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, रापणीचो एकच दोर वढलो तर मासो गावात काय?” (रापण म्हणजे दोन्ही टोकांचे दोर ओढून किनाऱ्याला आणायचे मोठे जाळे.) माझ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा वर्गाला ते अधिक कळले, हे मान्य करतो.

नुसता सीडी २८ जोडून दिवा लागत नाही, हेही योग्यच आहे. २००६ मध्ये लंडनमधील चाचणीत थेट सीडी २८ ला चेतवणारे प्रतिपिंड (ठरावीक रेणूला चिकटणारे प्रथिन) सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले आणि पहिल्या संकेताची वाट न पाहता टी पेशी उसळल्याने सहाही जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तो प्रसंग मी याच तुकड्यावर बोट ठेवून सांगतो.

चूक आहे ती लाल तुकड्यात. माहितीपत्रकात टी पेशीवरच्याच सीटीएलए-४ या रेणूला ‘आणखी एक सहउत्तेजक’ म्हटले आहे आणि तो जोडला की दिवा चक्क लागतो. वास्तविक टी पेशी कार्यरत झाल्यानंतर पृष्ठभागावर वाढणारा हा रेणू सीडी ८० आणि ८६ ला सीडी २८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि प्रतिसादाला लगाम घालतो. हा लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठीच जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. विक्रेत्याला सविस्तर कळवले, तेव्हा “सर्व तुकडे मिळाले असल्यास तक्रार बंद करण्यात येत आहे” असे उत्तर आले. शेवटी लाल तुकड्यामागची तांब्याची पट्टी ब्लेडने सोलून काढली आणि तिथे दुप्पट जाड चुंबक चिकटवला. आता तो सीडी ८० ला आपल्याकडे ओढून घेतो आणि दिवा विझतो.

एवढी दुरुस्ती करण्याची तयारी असेल, तर संच जरूर घ्यावा. मात्र आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ऑगस्टपर्यंत सेलच्या स्प्रिंगला गंज चढतो, तेव्हा पावसाळ्याआधीच तिला व्हॅसलीनचे बोट लावून ठेवावे.