'इन अ बेटर वर्ल्ड' की 'ईव्हिल': आधी कोणता पाहावा?

शाळेतली दादागिरी, हिंसा आणि क्षमा यांवरचा स्कँडिनेव्हियन सिनेमा शोधायला गेलं की दोन नावं हटकून पुढे येतात: सुझान बीअर यांचा डॅनिश 'इन अ बेटर वर्ल्ड' (2010) आणि मिकाएल होफस्ट्रॉम यांचा स्वीडिश 'ईव्हिल' (2003). पहिल्याला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, दुसरा नामांकनापर्यंत पोचला. पण पुरस्कार बघून निवडू नका, कारण दोघांचा रोखच वेगळा आहे.

'ईव्हिल' घडतो 1950च्या दशकात. घरी सावत्र बाप एरिकला झोडपतो, एरिक तो राग शाळेत दुसऱ्यांवर काढतो. शाळेतून काढल्यावर त्याची रवानगी होते एका श्रीमंती निवासी शाळेत. तिथे वरच्या वर्गातल्या मुलांची कौन्सिल धाकट्यांना शिक्षा देते आणि शिक्षक तिकडे काणाडोळा करतात. कौन्सिलच्या मुलावर हात उचलला तर थेट हकालपट्टी. एरिक या सगळ्यांना सहज लोळवू शकतो, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे तो मुकाट मार खातो तेव्हा मुठी आपल्या वळतात. तो वाकत नाही म्हटल्यावर ती मुलं त्याच्या खोलीतल्या अभ्यासू मित्राला, पिएरला, धरतात. हॉस्टेलमधलं रॅगिंग सोसलेल्या कुणालाही हा डाव चटकन ओळखू येईल. संस्थाच छळाला कशी पाठीशी घालते, हे इतकं स्वच्छ फार थोड्या सिनेमांनी दाखवलंय. क्षमेबद्दल मात्र त्याला फारसं काही म्हणायचं नाही.

ती बाजू 'इन अ बेटर वर्ल्ड'ची, आणि माझा कौलही त्यालाच. डेन्मार्कमधल्या एका गावात इलियास नावाच्या मुलाला शाळेत रोज छळतात. आई नुकतीच कर्करोगाने गेलेला ख्रिस्तियान त्या वर्गात येतो आणि छळणाऱ्या मुलाला सायकलच्या पंपाने बेदम मारतो, वर चाकूचा धाक दाखवतो. छळ थांबतो. मारल्याने काम होतं, हा धडा त्या पोराला पहिल्याच फटक्यात मिळतो, आणि सिनेमा हे लपवत नाही.

इलियासचे वडील आंतोन आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर आहेत. गावातला लार्स नावाचा मेकॅनिक मुलांदेखत त्यांच्या थोबाडीत मारतो. नंतर ते मुलांना घेऊन मुद्दाम त्याच्या गॅरेजमध्ये जातात, पुन्हा थपडा खातात, हात उचलत नाहीत. बाहेर आल्यावर मुलांना समजावतात की हरला तो. ख्रिस्तियानला हे अजिबात पटत नाही. त्या माणसाला आपण हरलो असं वाटलेलंच नाही, हे त्याला दिसतंय. संयमाची बाजू घेणाऱ्या मोठ्या माणसाला लहान मुलाने असं निरुत्तर केलेलं मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही. आंतोन साकारणाऱ्या मिकाएल पर्सब्रांट यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी खात्री आणि अपमान दोन्ही आहेत. पुढे छावणीत एका क्रूर टोळीप्रमुखावर उपचार करायची वेळ येते, तेव्हा आंतोन यांचाही तोल सुटतो. आणि इकडे मुलं आजोबांच्या जुन्या फटाक्यांची दारू काढून बॉम्ब बनवत असतात.

क्षमा इथे स्वस्तात मिळत नाही. पत्नीचा विश्वास गमावलेला नवरा, आईच्या मरणाचा राग बापावर धरून बसलेला मुलगा, आपल्या लेकराला इजा पोचवणाऱ्या पोराकडे पाहणारी आई: प्रत्येकाची क्षमा वेगळी आणि वेगळ्या वेगाने येणारी. शेवट जरा जास्तच जुळून येतो, ही तक्रार मला मान्य आहे. छावणीतली माणसंही गावातल्या माणसांइतकी उभी राहत नाहीत. तरी पारडं याच बाजूला झुकतं.

घरात आठवी-नववीतलं मूल असेल आणि त्याच्यासोबत पाहायचा असेल, तर 'इन अ बेटर वर्ल्ड' निवडा, पण आधी स्वतः पाहून घ्या: छावणीतल्या जखमा आणि एका मुलाचा जीव द्यायचा विचार, दोन्ही जड जातात. मध्ये थांबून बोलायचं असेल तर गॅरेजच्या प्रसंगानंतर थांबा. 'ईव्हिल'मधली मारहाण जास्त उघडी आणि रक्ताळलेली आहे; तो कॉलेजच्या वयाला ठीक. शिक्षक, वसतिगृहाचे रेक्टर यांनी मात्र आधी 'ईव्हिल'च पाहावा.